अलास्का हायवेवर ट्रेलर ओढून नेताना: चाकं, पाटे आणि खराब रस्ता

उत्तरेकडच्या या प्रवासाची तयारी बहुतेक जण ओढणाऱ्या गाडीची करतात. सर्व्हिसिंग, नवे टायर, इंजिन ऑइल सगळं होतं आणि मागचा ट्रेलर मात्र गेल्या वर्षी उभा केला होता तसाच जोडून निघतात. मोडतं ते मागचंच. ट्रेलरला साधे पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बहुतेकदा नसतातच, आणि मागे काय आदळतंय ते चालकाच्या सीटपर्यंत पोचत नाही. आरशात ट्रेलर ठीकठाक दिसत असताना पाट्याचा बोल्ट अर्धा झिजलेला असू शकतो. म्हणून या लेखात इंजिनाबद्दल थोडं आणि चाकांच्या आसपासच्या दोन फुटांबद्दल जास्त आहे.

## १. कुठला रस्ता ट्रेलरसाठी, कुठला नाही

अलास्का हायवे ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत, सुमारे २,२०० किलोमीटर. रस्ता पक्का आहे. पण उन्हाळा हाच दुरुस्तीचा हंगाम, त्यामुळे मधेमधे खडीचे पट्टे लागणारच. कुठलाही धडधाकट ट्रेलर इथे जातो.

टॉप ऑफ द वर्ल्ड हायवे डॉसन सिटीहून अलास्काच्या सीमेकडे जातो. फक्त उन्हाळ्यात उघडा असतो, सीमा चौकी रात्री बंद होते, आणि सुरुवातीलाच युकॉन नदी फेरीबोटीने ओलांडावी लागते. कोरड्या हवेत मध्यम ट्रेलर जाऊ शकतो. पावसात टाळा.

डेम्पस्टर हायवे डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर सुरू होतो आणि इनुविकपर्यंत ७३० किलोमीटरहून जास्त खडीतून जातो. इथली खडी म्हणजे धारदार शेल (पातळ थरांचा खडक). टायर नुसता झिजत नाही, कापला जातो. पहिलं इंधन ईगल प्लेन्सला, म्हणजे जवळपास ३७० किलोमीटरनंतर. डाल्टन हायवेची गतही तशीच: फेअरबँक्सच्या उत्तरेला डेडहॉर्सपर्यंत ६६६ किलोमीटर, आणि मालट्रकची सतत ये-जा.

आमचं मत सरळ आहे. शेवटच्या दोन रस्त्यांवर नेहमीचा प्रवासी ट्रेलर नेऊ नका. तो डॉसन सिटीला किंवा फेअरबँक्सला कॅम्पग्राउंडवर ठेवा आणि तंबू घेऊन नुसती गाडी न्या. ट्रेलर नेऊन दाखवणारे भेटतील. परत आल्यावर त्यातल्या कपाटांची काय अवस्था झाली, तेही त्यांना विचारा.

## २. वजन: निघण्याच्या महिनाभर आधी

१. पाणी, गॅस, कपडे, अवजारं असं सगळं भरून ट्रेलर वजनकाट्यावर न्या. कंपनीच्या माहितीपत्रकातलं रिकामं वजन इथे निरुपयोगी.

२. तीन आकडे काढा: ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवरचा भार, हिचवरचा (गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचा) भार आणि गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार. हिचवर एकूण ट्रेलर वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जास्त झाला तर गाडीचं नाक उचललं जातं आणि पुढच्या चाकांची पकड जाते.

३. अ‍ॅक्सलवरचा भार ट्रेलरवरच्या कंपनीच्या माहिती-पाटीतल्या मर्यादेपेक्षा किमान १० ते १५ टक्के कमी ठेवा. मर्यादेला टेकलेला ट्रेलर गुळगुळीत रस्त्यावर चालून जातो, पण उंचवट्यावर आदळला की क्षणभर पाट्यांवर कितीतरी जास्त जोर येतो.

४. पाण्याची टाकी काठोकाठ भरू नका. १५० लिटर म्हणजे १५० किलो, आणि स्वस्त ट्रेलरमध्ये ती टाकी पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर लटकलेली असते. खराब पट्ट्याआधी पाव टाकी पुरे.

> तपासा: ट्रेलर जोडल्यावर बाजूने पाहा. तो जमिनीला समांतर, फार तर नाकाकडे किंचित झुकलेला दिसला पाहिजे. नाक वर असेल तर जोड-अ‍ॅक्सलच्या (एकामागे एक दोन आस असलेल्या) ट्रेलरमध्ये मागच्या चाकांवर जादा भार जातो.

## ३. चाकाखालची तयारी

नेहमी चुकतं ते इथे, म्हणून हा टप्पा घाईने उरकू नका. ट्रेलर पक्क्या सपाट जागी उभा करा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे लावा, आणि जॅक चेसीला (ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला) लावा, अ‍ॅक्सलच्या नळीला नाही. नळी पोकळ असते. वाकली की टायर एका कडेने खात जातो. उचलल्यावर चेसीखाली स्टँड ठेवा.

### बेअरिंग

गेल्या बारा महिन्यांत किंवा १६ ते २० हजार किलोमीटरमध्ये ग्रीस बदललं नसेल, तर आता बदलायचं.

१. चाक काढा. टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग आणि मग ड्रम, या क्रमाने. प्रत्येक चाकाचे भाग वेगळ्या डब्यात. बेअरिंग आणि त्याची कडी (ज्यात ते फिरतं ती) एकमेकांवर घासून जुळलेली असतात, त्यांची अदलाबदल नको.

२. बेअरिंग धुवून पूर्ण वाळवा. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका. रोलरवर निळसर झाक, खड्डे किंवा ओरखडे दिसले तर बेअरिंग आणि कडी दोन्ही बदला.

३. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, वरच्या बाजूने रोलरच्या फटींतून ग्रीसच्या वळ्या बाहेर येईपर्यंत. नुसतं बाहेरून फासलेलं ग्रीस पहिल्या तासात उडून जातं. जुनं ग्रीस कुठलं ते माहीत नसेल तर पूर्ण काढून टाका; दोन प्रकारची ग्रीस मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात.

४. ऑइल सील नवंच घाला. जुनं चांगलं दिसत असलं तरी.

५. ड्रम हाताने फिरवत नट सुमारे ५० फूट-पाउंड टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) कसा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसेल. मग ड्रम न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी घट्ट करा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित मागे फिरवा, पुढे नाही. पिन नवी.

> इशारा: काही ट्रेलरना टोपीत ग्रीसगन लावायची सोय असते. तिथे ग्रीस जोरात भरलं की ते सील ओलांडून ब्रेकच्या शूवर जातं, आणि त्या चाकाचा ब्रेक संपतो. त्या सोयीवर विसंबून ड्रम न उघडणं ही सर्रास होणारी चूक आहे.

ड्रम उघडाच आहे तर ब्रेकचे शू, चुंबक आणि त्याच्या वायरी पाहून घ्या. मग आपत्कालीन ब्रेकची (ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी) पिन ओढा आणि गाडी हळूच पुढे घ्या. ट्रेलरची चाकं जाम झाली पाहिजेत. पिन लगेच परत बसवा.

### पाटे आणि बोल्ट

पाटा सहसा एकाएकी तुटत नाही. आधी पाट्यांचे टोकाचे बोल्ट झिजतात. अनेक ट्रेलरना कारखान्यातून प्लॅस्टिकचे बुश येतात. ते काही हजार किलोमीटरमध्ये उडतात, मग लोखंड लोखंडावर घासतं, शॅकलच्या (पाट्याचं टोक टांगणाऱ्या जोडाच्या) पट्टीतलं गोल भोक लांबट होतं, आणि एका उंचवट्यावर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागे सरकतो.

- चाकं उचललेली असताना पहार घालून प्रत्येक शॅकल हलवून पाहा. खडखडत असेल तर बोल्ट काढून बघा. बोल्टच्या मधल्या भागात नखाला लागेल इतकी खाच असेल तर तो गेला.
- पितळी बुश आणि ग्रीस भरता येणाऱ्या बोल्टचा संच मिळतो. जाड शॅकल पट्ट्यांसह तो बसवून घ्या. या प्रवासासाठी ट्रेलरवर एकच खर्च करायचा असेल तर हा करा.
- पाटे चाकांच्या दांड्याला आवळणाऱ्या यू-बोल्टचे नट कसून घ्या. नवे असतील तर काही शे किलोमीटरनंतर पुन्हा.
- पाटे ज्या पट्टीवर चेसीला टांगलेले असतात, तिच्या वेल्डिंगपाशी तारेच्या ब्रशने माती काढून पाहा. गंजाची बारीक सरळ रेघ म्हणजे तडा.

### टायर

टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनंतर शेवटी चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर, नक्षी कितीही कोरी असो, या रस्त्यावर नेऊ नका. ट्रेलरचा टायर झिजून जाण्याआधी उन्हाने आणि उभं राहून सडतो.

भारक्षमता एक पायरी वरची घ्यायची असेल तर आधी रिम तेवढा दाब सोसते का ते पाहा. हवा थंड टायरमध्ये, ट्रेलरच्या पाटीप्रमाणे. तापमान दर ५-६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे २ टक्क्यांनी उतरतो. दक्षिणेत ३० अंशांत भरलेली हवा युकॉनमधल्या ५ अंशांच्या सकाळी चांगलीच कमी भरते. बऱ्याच ट्रेलर टायरची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते. टायरवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तीच धरा.

खडीवर हवा कमी करावी असा सल्ला सर्रास मिळतो. रिकाम्या पिकअपसाठी तो ठीक आहे. भरलेल्या ट्रेलरच्या टायरची हवा काढली की भारक्षमताही उतरते आणि बाजू तापून फुटते. त्यापेक्षा वेग कमी करा.

## ४. दगड आणि धूळ

गाडीच्या मागच्या चाकांतून उडणारे दगड ट्रेलरच्या नाकावर आदळतात. गाडीला रुंद मडफ्लॅप लावा. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीवर जाड रबरी चटई बांधा आणि गॅस रेग्युलेटर झाका. पुढची काच असेल तर त्यावर पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवा. ट्रेलरखालचे पाणी काढायचे कॉक आणि सांडपाण्याचे पाइप पाहा. बाहेर आलेला प्लॅस्टिकचा कॉक दगडाने सहज तुटतो. मोकळ्या लोंबणाऱ्या वायरी पाइपच्या तुकड्यात घालून पट्ट्यांनी आवळा.

धूळ आत येते ती दाराच्या फटीतून आणि खालच्या पाइपांच्या भोकांतून. भोकं फोमने बुजवा, फटींना टेप. फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्या टेपने बंद केल्या असतील तर मुक्कामाला फ्रिज गॅसवर लावण्याआधी टेप काढायचीच. चालू प्रवासात सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि पाण्याचा पंपही बंद. आदळआपटीत पाइपचा जोड सैल झाला तर चालू पंप सगळी टाकी जमिनीवर ओततो.

## ५. सोबत काय न्यायचं

फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक सुमारे ५१५ किलोमीटर, वॉटसन लेक ते व्हाइटहॉर्स सुमारे ४४०. मधे इंधन आणि जेवण मिळेल. तुमच्या ट्रेलरच्या मापाचा पाटा मिळेलच असं नाही. सुटे भाग भरवशाने मिळतात ते व्हाइटहॉर्सला.

- ट्रेलरच्या मापाच्या रिमसह दोन स्टेपनी. डेम्पस्टरला गाडी नेणार असाल तर गाडीच्याही दोन.
- एका बाजूचा पूर्ण पाटा, दोन यू-बोल्ट, चार शॅकल बोल्ट नटसह.
- आतलं-बाहेरचं बेअरिंग कड्यांसह, दोन सील, स्प्लिट पिना, ग्रीस. कड्या आधीच बसवलेला पूर्ण ड्रम नेता आला तर उत्तम. रस्त्याकडेला कडी ठोकून काढणं जिकिरीचं असतं.
- सहा टनी बॉटल जॅक आणि त्याखाली ठेवायला १ फूट बाय १ फूट जाड फळी. फळी नसेल तर जॅक खडीत रुततो.
- टॉर्क पाना, आणि ट्रेलरच्या नटांच्या मापाचं सॉकेट. गाडीचा पाना ट्रेलरला बसतोच असं नाही. घरीच लावून पाहा.
- ट्रेलर टायरच्या पूर्ण दाबापर्यंत हवा भरणारा कॉम्प्रेसर, पंक्चरचा संच.
- दोन रॅचेट (ओढून घट्ट करायचे) पट्टे, दोन मीटर साखळी, चार इंच जाड लाकडाचे तुकडे, वायर, फ्यूज, टेप.
- इंजिनाचा जादा एअर फिल्टर, कूलंट.
- उपग्रहावरून संदेश पाठवणारं साधन. गावं सोडली की मोबाइलला रेंज नसते.

रस्त्यावरच्या मदतीचा विमा घेताना दोन गोष्टी लेखी विचारा: ट्रेलर ओढून न्यायचा खर्च धरला आहे का, आणि खडीच्या रस्त्यावर गाडी येईल का. अनेक योजनांमध्ये दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असतं.

## ६. रस्त्यावर

निघण्याच्या दिवशी सकाळी रस्त्यांची स्थिती पाहा: ब्रिटिश कोलंबियासाठी ड्राइव्हबीसी ही वेबसाइट, युकॉन आणि अलास्कासाठी त्यांच्या ५११ सेवा. टाकी अर्ध्यावर आली की भरा. हंगामाबाहेर बरेच पंप बंद असतात, आणि ट्रेलर ओढताना गाडी दीडपट-दुप्पट पिते.

दक्षिणेकडचे घाट. फोर्ट नेल्सननंतर स्टीमबोट आणि समिट लेकचे चढ लागतात. समिट लेकपाशी हायवेची सर्वांत जास्त उंची, सुमारे १,२९५ मीटर. चढावर खालच्या गिअरमध्ये सावकाश चढा. उतारावर जो गिअर चढायला लागला असता तोच. सतत ब्रेक दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. लियार्ड नदीच्या आसपास रस्त्यावर रानबैल उभे असतात, आणि त्यांना हॉर्नचं काही वाटत नाही.

फुगलेला रस्ता. हेन्स जंक्शनच्या पुढे, खास करून डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक आणि तिथून अलास्कातल्या टोक या गावापर्यंत, जमिनीखाली कायम गोठलेला थर आहे. तो वितळला की रस्ता खचतो, पाणी गोठलं की फुगतो. डांबर अखंड असतं, म्हणून लांबून काहीच कळत नाही. ट्रेलर मोडायची खरी जागा ही, खडी नव्हे. खडी दिसते म्हणून माणूस हळू जातो. इथे गुळगुळीत डांबरावर ताशी ९० ने जाताना एकदम लाट येते, गाडी तरून जाते आणि मागे ट्रेलरची चाकं हवेत उडून आदळतात.

१. या भागात ताशी ६० ते ७०, आणि लाटा सुरू झाल्या की ४० ते ५०.
२. कडेची लहान झेंडी किंवा खांब पाहताक्षणी वेग कमी करा. मात्र प्रत्येक खराब जागेला झेंडी नसते.
३. मधल्या पट्ट्यांची रेघ आणि पुढच्या गाडीचे मागचे दिवे पाहत राहा. रेघ वाकडी दिसली किंवा दिवे खाली-वर झाले की तिथे लाट आहे.
४. ब्रेक लाटेच्या आधी. लाटेवर असताना सोडलेला. ब्रेक दाबलेला असला की पुढचा भाग दबतो आणि दणका जास्त बसतो.

खडी. ताशी ४० ते ५०. गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवर ट्रेलरच्या ब्रेकचा जोर थोडा उतरवा, नाहीतर खडीवर ट्रेलरची चाकं जाम होऊन तो आडवा यायला बघतो. डोलणं रोखणारा घर्षणाचा दांडा असेल तर निसरड्या भागात सैल करा. पत्र्यासारख्या लाटालाटांच्या खडीवर वेग वाढवला की बरं वाटतं. ते गाडीपुरतंच, ट्रेलरची चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत.

समोरून ट्रक येताना वेग अर्धा करा आणि थोडं उजवीकडे घ्या. काच फुटते ती दोन्ही वेगांच्या बेरजेने. पण अगदी कडेला जाऊ नका. कडेची माती मऊ असते, ट्रेलरचं चाक आत ओढलं की गाडीही मागोमाग जाते.

युकॉनमध्ये दिवसाही हेडलाइट लावणं सक्तीचं आहे. धुळीत मागचे दिवे दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक थांब्यावर फडक्याने पुसा.

## ७. थांब्याची फेरी

पहिला थांबा ५० किलोमीटरवर, मग दर १५० किलोमीटरला किंवा प्रत्येक खराब पट्ट्यानंतर. पाच मिनिटांचं काम, क्रम कायम ठेवा म्हणजे काही सुटत नाही.

१. थांबल्याबरोबर प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर छान. सगळी चाकं सारखी कोमट हवीत. एकच बाकीच्यांपेक्षा २०-३० अंश गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.
२. टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवा. फुगवटा, काप, अडकलेला दगड.
३. दोन चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी पाहा. एका बाजूला कमी-जास्त वाटलं तर अ‍ॅक्सल सरकला आहे.
४. वाकून पाटे, शॅकल, यू-बोल्ट. चकचकीत धातू दिसणारी जागा म्हणजे नवं घासणं.
५. चाकाच्या नटांपासून गंजाच्या रेघा निघाल्या असतील तर नट सैल आहे.
६. हिच, साखळ्या, वायरची जोडणी.

## ८. मोडलं तर

टायर फुटला. ब्रेक करकचून दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर सावकाश सोडा, सरळ धरा, पक्की जागा मिळेपर्यंत रांगत जा. चाकांना ठोकळे, जॅक फळीवर, चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट अर्धा फेरा सैल, मग उचला. नवं चाक बसवल्यावर नट एकाआड एक, तीन फेऱ्यांत कसा: आधी २०-२५, मग ५०-६०, मग ट्रेलरच्या पुस्तकातला आकडा. अर्ध्या इंची स्टडला तो साधारण ९० ते १२० फूट-पाउंड असतो. १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा तपासा. चाक गळून पडतं ते बहुतेकदा ही पुन्हा तपासणी राहून गेल्यामुळे.

> तपासा: जोड-अ‍ॅक्सलला एक टायर गेला की त्याचा भार शेजारच्याने वाहिलेला असतो. तो बारकाईने पाहा, पुढच्या मुक्कामाला जमलं तर बदला. फुटलेल्या टायरच्या चिंध्यांनी वर वायर, गॅसची नळी किंवा तळ फाडला आहे का, तेही बघा.

बेअरिंग तापलं. पाणी ओतू नका. थंड होऊ द्या, चाक उचलून फिरवा. घरघर किंवा डुगडुग असेल तर पुढे जायचं नाही. आहे तिथे बेअरिंग बदला. ‘पुढच्या गावापर्यंत’ म्हणून रेटलं की स्पिंडल (बेअरिंग ज्यावर बसतं तो दांडा) जातो, आणि स्पिंडल गेला म्हणजे अ‍ॅक्सल गेला.

पाटा तुटला. जॅकने चेसी उचला. अ‍ॅक्सल आणि चेसीच्या मधे लाकडाचा तुकडा बसवा आणि रॅचेट पट्ट्याने घट्ट आवळा. पाटा पुढच्या टोकाला तुटला असेल तर अ‍ॅक्सलला धरून ठेवणारं काही उरत नाही. साखळी अ‍ॅक्सलभोवती घेऊन पुढे चेसीला ताणून बांधा. ब्रेकची वायर लाकडाखाली चिरडत नाही ना ते पाहा. ताशी १५ ते २० ने सपाट, सुरक्षित जागेपर्यंत जा आणि तिथे नवा पाटा घाला. व्हाइटहॉर्सपर्यंत जायची ही व्यवस्था नाही.

इंजिन तापलं. एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खालचा गिअर. काटा उतरला नाही तर थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उत्तरेत बऱ्याचदा कारण साधं असतं: डासांनी आणि चिखलाने बुजलेला रेडिएटर. गार झाल्यावर आतून बाहेरच्या दिशेला हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पात्या वाकतात.

काचेला टिचका. लगेच पारदर्शक टेप लावा म्हणजे माती आणि पाणी आत जाणार नाही. गार काचेवर गरम हवेचा झोत सोडू नका, चीर पळत जाते. भरून घ्यायचं काम पुढच्या मोठ्या गावात.

## ९. खडी संपल्यावर

धूळ बसावी म्हणून यातल्या काही रस्त्यांवर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते चिखलाबरोबर ट्रेलरखाली घट्ट चिकटतं आणि हवेतला ओलावा ओढून गंज चढवतं. पहिल्या मोठ्या गावात खालून धुवा, वाळायच्या आत: चेसी, पाटे, ब्रेकच्या वायरींचे जोड, पायरी. चाकाच्या मध्यावर आणि सीलवर जोराची धार नको, पाणी बेअरिंगमध्ये जातं. मग एअर फिल्टर झटका किंवा बदला, शॅकलच्या बोल्टमध्ये ग्रीस भरा, ट्रेलरच्या ब्रेकचा जोर पुन्हा आधीच्या आकड्यावर आणा, आणि चाकाचे नट एकदा टॉर्क पान्याने पाहून घ्या.